एचवरून हाक

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण ज्याने केली त्याच्या बहिणीच्या सासरी एक जुना कॉम्प्युटर असणार, याबद्दल माझी खात्री आहे. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आठवडाभर मी लोकांची यंत्रं उघडून त्यांतली धूळ, मुंग्या आणि एकदा तर चक्क कुणाचं तरी हरवलेलं कानातलं बाहेर काढते, आणि रविवारी मनसोक्त झोपते. त्या रविवारी सकाळीच ताईचा फोन आला. "काकूंचा कॉम्प्युटर जरा बघून जा. जेवायलाच ये." जेवायला ये म्हटलं की काम मोठं असतं, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. पण काकूंचं नाव काढल्यावर नाही म्हणणं मला जमत नाही.

काकू म्हणजे ताईच्या सासूबाई. बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. त्यांना चेहऱ्याने कुणी ओळखत नसे, पण दुकानात त्या दोन शब्द बोलल्या की लोक नकळत आपल्या पिशव्या सावरायचे. मग घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. जाणार हे आधीच माहीत होतं, म्हणून इस्पितळाच्या सल्ल्याने त्यांनी ऑपरेशनपूर्वी आपल्या आवाजात शेकडो शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवले. कॉम्प्युटरवर शब्द टाइप केला की त्यांच्याच आवाजात ऐकू येई. फक्त एक गंमत झाली होती. माइक समोर आल्यावर काकूंनी सगळे शब्द सवयीने घोषणेच्या सुरात वाचले होते. त्यामुळे जेवताना त्यांनी "मीठ" म्हटलं, की मीठ फलाट क्रमांक दोनवर लागलंय असं वाटायचं.

भिंगरी, म्हणजे ताईची चार वर्षांची मुलगी, ऑपरेशननंतर जन्मलेली. तिचं हे नाव त्या शब्दांत असणार कुठून? भिंगरी हा शब्द आपल्याला पुढे लागेल असं कुणाच्या मनात येतं? म्हणून काकू तिला हाक मारायच्या ती "कृपया लक्ष द्या" अशी. पोरगी धावत यायची. बालवाडीत बाईंनी "लक्ष द्या" म्हटलं तेव्हा ही एकटीच उठून उभी राहिली, हा किस्सा भाऊजी येईल त्याला सांगतात, आणि काकूही हसतात. त्यांच्या हसण्याला आवाज नाही, नुसते खांदे हलतात. पण एकदा मी त्यांना कुणी बघत नाही असं समजून ते नाव टाइप करताना पाहिलं होतं. शब्द माहीत नसला की तो प्रोग्रॅम नुसती अक्षरं वाचतो. "भ. ग. र." असा आवाज आला. भिंगरी तिथेच खेळत होती. तिने मानही वर केली नाही. काकूंनी ते पुसून टाकलं. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

आता इस्पितळाने नवा प्रोग्रॅम दिला होता. तो जुने शब्द ऐकतो, त्यांतले आवाज वेगळे करून पुन्हा जुळवतो आणि वाटेल तो शब्द त्याच गळ्यातून बोलतो. म्हणजे काकूंना नातीला नावाने हाक मारता आली असती. एवढंच हवं होतं. पण तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये शिरायलाच तयार नव्हता.

"तो म्हणतो सी दाखवा," भाऊजींनी दारातच सांगितलं. "आपल्याकडे सी नाहीच."

"नाही म्हणजे?"

"आपली सिस्टीम एचवर आहे."

कॉम्प्युटरच्या प्रत्येक डिस्कला एक अक्षर असतं, आणि जिच्यावर सिस्टीम असते तिला बहुतेक सगळीकडे सी मिळतं. भाऊजींनी सिस्टीम टाकली तेव्हा फोटोंची कार्डं वाचायची चार खाचांची डबी तशीच जोडून ठेवली होती. त्या चार खाचांनी सीपासून एफपर्यंतची अक्षरं बळकावली, सीडीच्या खणाने जी घेतलं, आणि बिचाऱ्या सिस्टीमला मिळालं एच. असा गोंधळ मी आयुष्यात दोनदाच पाहिला आहे, आणि दुसऱ्या वेळीही तो भाऊजींनीच केला होता, त्यांच्या ऑफिसात.

"अक्षराने काय होतं? जागा तीच ना?" ते म्हणाले.

"घराच्या पाटीवरचा नंबर बदलला तरी नातेवाईक जुन्याच दारावर जाऊन बेल वाजवतात, भाऊजी. इथल्या प्रत्येक प्रोग्रॅमने एच पाठ केलंय."

खरं तर सगळं पुसून नव्याने टाकणं हाच सरळ मार्ग. पण काकूंचा जुना प्रोग्रॅम बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. तो एकदा गेला की पुन्हा येणार नव्हता, आणि काकूंचे शब्द त्याच्या पोटात होते. नवा प्रोग्रॅम ते त्याच्याकडूनच मागून घेणार होता. म्हणजे जुना जिवंत ठेवून खालची जमीन सरकवायची. हातातून काही निसटलं तर काकूंचा आवाज दुसऱ्यांदा जाणार होता, आणि या वेळी माझ्यामुळे.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. खिडकीखाली टेबल, दोन बाजूंना दोन जुने स्पीकर, भिंतीला काकूंचा पलंग. ऊन थेट पलंगावर येत होतं. काकू शेजारी खुर्ची घेऊन बसल्या आणि त्यांनी टाइप केलं. "सावकाश. गाडी. सुटणार. नाही."

"घाबरू नका काकू, मी ताकही फुंकून पिते," मी म्हणाले.

आधी मी सगळ्या डिस्कची नक्कल माझ्या डिस्कवर घेतली आणि ती नीट आली आहे हे तपासलं. त्याशिवाय मी कुणाच्या यंत्राला हात लावत नाही. मग खाचांची ती डबी उपटली, भाऊजींच्या हातात दिली आणि रजिस्ट्री उघडली. रजिस्ट्री म्हणजे सिस्टीमची आठवण. कुठल्या डिस्कचं अक्षर कोणतं, ते तिथे असतं. एचच्या जागी मी सी लिहिलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. आता तो धड उठणार नाही, उठला तर प्रत्येक प्रोग्रॅम बोंब मारणार, आणि मग एकेकाचा पत्ता हाताने बदलत मी संध्याकाळपर्यंत बसणार, असा माझा हिशेब होता.

तो पहिल्या झटक्यात उठला.

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून भाऊजींनी टाळी मागितली. मी दिली नाही. माझ्या धंद्यात जे आपोआप सुधारतं, ते आपल्याला न विचारता बिघडतंसुद्धा. मी जुना प्रोग्रॅम उघडला. काकूंनी "चहा" टाइप केलं.

"चहा," स्पीकर म्हणाला. खणखणीत.

मी त्याच्या सेटिंगमध्ये गेले. आवाजाच्या फायली कुठे आहेत, तर एचवर. पण एच आता नव्हतंच. मी ते उघडून पाहिलं. अशी डिस्क नाही, असं उत्तर आलं. पुन्हा "चहा" टाइप केलं. पुन्हा तोच खणखणीत चहा.

असं होऊ शकतं. कधी कधी प्रोग्रॅम लागणाऱ्या गोष्टी आधीच मेमरीत घेऊन ठेवतो. मी यंत्र पूर्ण बंद केलं, प्लग काढला, थोडं थांबून पुन्हा लावलं. तरी तेच. मग मला वेगळी युक्ती सुचली. एच हे अक्षर मी माझ्याच डिस्कला द्यायचं ठरवलं, म्हणजे जुन्या पत्त्यावर जाणाऱ्याला तिथे माझी डिस्क सापडेल आणि काय ते कळेल.

ते अक्षर वापरात आहे, असं कॉम्प्युटर म्हणाला.

"कोण वापरतंय?" मी स्वतःशीच पुटपुटले. यंत्रात दोनच डिस्क होत्या, त्यांची आणि माझी. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

"झालं का गं?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"होतंय," मी म्हणाले. भाऊजी दारात उभे राहून उंटावरून शेळ्या हाकत होते, त्यांना मी बाहेर पिटाळलं. आवाजाचा पत्ता मी हाताने सीवर बदलला. आता प्रोग्रॅम खऱ्या फायलींवरून बोलणार, एचचा प्रश्नच मिटला. मला हायसं वाटलं. मी काकूंना म्हटलं, बोलून बघा.

काकूंनी टाइप केलं, "पाणी."

"पाणी दे गं जरा," आवाज आला.

काकूंची बोटं कळांवरच राहिली. मी पडद्याकडे पाहिलं. तिथे एकच शब्द होता. आणि मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. तो घोषणेचा सूर नव्हता. घरात बाई बोलते तसा तो आवाज होता, थोडा दमलेला, शेवटी हलकासा खोकला असलेला.

"काकू, हे वाक्य तुम्ही रेकॉर्ड केलं होतं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"कदाचित चाचणी करताना माइक चालू राहिला असेल," मी म्हणाले. हे अगदी शक्य होतं. मी तसं दोनदा म्हणाले.

त्यांनी "धन्यवाद" टाइप करायला घेतलं. "ध" उमटायच्या आत स्पीकर म्हणाला, "बरं वाटलं हो." मग काकूंनी हात मांडीवर घेतले. बाहेर भिंगरी भाऊजींना घोडा करून त्यांच्या पाठीवर बसली होती आणि भाऊजी खोटंखोटं खिंकाळत होते.

"भिंगरे, हळू. बाबाची कंबर आधीच धड नाही," आवाज म्हणाला.

बाहेरचं खिंकाळणं थांबलं. ताई हात पुसत धावत आली, मागून भाऊजी, त्यांच्या पाठीवर भिंगरी तशीच. ताईचे डोळे भरून आले होते. "झालं? नाव घेतलं? अगं, किती छान घेतलं." तिने मला मिठी मारली. भाऊजींनी कंबरेबद्दल तक्रार केली आणि सगळे हसले. ताईला वाटलं हाच नवा प्रोग्रॅम. नवा प्रोग्रॅम अजून पेनड्राइव्हवर होता, आणि पेनड्राइव्ह माझ्या खिशात.

मी काय सांगणार होते? त्यांचे चेहरे इतके फुलले होते. मी म्हणाले, अजून थोडं बाकी आहे, तुम्ही बाहेर थांबा.

ते गेल्यावर काकूंनी की-बोर्ड जवळ ओढला. या वेळी त्या काहीही टाइप करायच्या आधी मी स्पीकरचा आवाज बंद केला. त्यांनी लिहिलं आणि मी वाचलं.

"हा जुना काढ."

"पण काकू, तो नाव घेतोय. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"मला घ्यायचं होतं."

मग थोडं थांबून, "तो माझ्या आधी बोलतो."

मी पेनड्राइव्ह लावला. सी दिसताच नवा प्रोग्रॅम निमूटपणे बसला आणि जुन्याकडून शब्द मागून घेऊ लागला. पडद्यावर एक पट्टी सरकत होती, खाली किती शब्द आले त्याचा आकडा होता, आणि त्याखाली कुठून येताहेत ते. मी सी दिलं होतं. तिथे एच दिसत होतं. आकडा काकूंनी ध्वनिमुद्रित केलेल्या शब्दांच्या पुढे गेला. तो दुप्पट झाला. पट्टी शेवटाला आली की तिची लांबीच वाढायची. जिथून शब्द येत होते तिथे ते संपत नव्हते, उलट नवे होत होते.

काकूंनी हात पुढे करून "थांबवा" दाबलं.

"आलेत तेवढे पुरेत," मी म्हणाले. मी जुना प्रोग्रॅम काढला. रजिस्ट्रीत जिथे जिथे एच होतं तिथून ते पुसलं. पुन्हा शोधलं. एकही नव्हतं. मग माझ्या डिस्कला एच हे अक्षर देऊन पाहिलं, आणि ते मुकाट्याने मिळालं. ते मी लगेच काढून घेतलं.

काकूंनी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत ठेवायला सांगितलं. माणसांत, असं त्यांनी लिहिलं. आम्ही सगळं उचलून बाहेर आणलं आणि इस्पितळाने दिलेला नवा छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीच्या हाताला बांधला. आतल्या टेबलावर नुसता धुळीचा चौकोन उरला.

आणि मग ती वेळ आली. ताई, भाऊजी, मी, सगळे खुर्चीभोवती उभे होतो. काकूंनी एकेक कळ दाबली.

"भिंगरी," खुर्चीवरचा स्पीकर म्हणाला. थोडं सपाट, थोडं घोषणेसारखं. पण पूर्ण नाव, आणि काकूंचा आवाज.

भिंगरी कोपऱ्यात बसून चित्र रंगवत होती. तिने मान वर केली, आजीकडे पाहिलं, खडू टाकला आणि धावत येऊन मांडीवर चढली. "आज लक्ष द्या नाही म्हणालीस," ती म्हणाली. काकूंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. मीही रडले, उगाच लपवत नाही. भाऊजी काहीतरी गोड आणतो म्हणून खाली गेले. ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून भांडी घासता घासता गुणगुणू लागली.

मी जुने स्पीकर आवरायला घेतले. त्यांच्या वायरी हाताला गुंडाळत होते. काकूंनी दोन्ही हातांनी नातीला कवटाळलं होतं.

"भिंगरे, ये गं. केस बघ कसे झालेत. वेणी घालू या."

आवाज आतल्या खोलीतून आला.

"आता वेण्याही सुचायला लागल्या बघ आईंना," ताई स्वयंपाकघरातून हसत म्हणाली.

माझ्या हातातल्या वायरींची दोन्ही टोकं मला दिसत होती. छोटा स्पीकर खुर्चीला होता. काकूंचे हात भिंगरीभोवती होते.

"आले गं आजी," भिंगरी म्हणाली, आणि जिच्या मांडीवर बसली होती तिच्याकडे न बघता खाली उतरली.

काकूंनी झडप घालून की-बोर्ड घेतला. "थांब," नवा स्पीकर म्हणाला. तोच गळा, जरासा सपाट.

भिंगरी दोन खोल्यांच्या मध्ये उभी राहिली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग आत पळाली.

तिची पावलं पलंगाच्या बाजूला गेली आणि मध्येच थांबली. मूल कुणी उचलून घेतलं की थांबतात तशी.

मी उठले. आतून भिंगरीची अखंड बडबड ऐकू येत होती, खडूचा रंग, बालवाडी, बाबाची कंबर. मी दारापर्यंत पोचले तेव्हा ती बाहेरच येत होती. माझ्या बाजूने निघून ती पुन्हा आजीच्या मांडीवर जाऊन बसली. खोलीत ऊन होतं, टेबल होतं, पलंग होता. पलंगाच्या चादरीवर, कडेला, बसल्याचा खळगा होता.

भिंगरीच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. भांग सरळ, रिबिनी घट्ट. ताईला तीन पेडांची वेणी जेमतेम जमते, तीही तासाभरात सुटते. ह्या चार पेडांच्या होत्या.

काकूंनी एक वेणी तळहातावर घेतली. बोटाने पेड चाचपले, टोकाची गाठ पाहिली, मग उलटी करून पुन्हा पाहिली. दुसऱ्या हाताने त्यांनी सावकाश टाइप केलं.

"माझ्याच हातची आहे," नवा स्पीकर म्हणाला.

ताईने नळ बंद केला. "काय म्हणालात, आई?"

काकूंच्या दोन्ही हातांची बोटं आता वेणीवर होती.

"काही नाही गं," असं उत्तर आलं, आणि ताईने नळ पुन्हा सोडला.